वर सामसूम, तळाला शिंगटी

प्रश्न : माझं आजोळ मुरबाड तालुक्यात, काळू नदीच्या काठी. सुट्टीत गेलो की मामांबरोबर गळ टाकायला जातो. आम्हा भाचरांना हवी असते मरळ, नाहीतर खवल्याचा एखादा मोठा मासा. पण काही दिवस असे निघतात की तास न् तास बसलं तरी पाण्यावर तरंगणारी काडी हलत नाही. मग मामा काडी काढून ठेवतात, दोऱ्यात शिसं ओवतात, गांडूळ लावतात आणि गळ तळाला सोडतात. थोड्याच वेळात शिंगट्या निघू लागतात. घरी आल्यावर मात्र ‘शिंगट्याच मिळाल्या का?’ असं ऐकावं लागतं. एकाच डोहात वरचा मासा तोंड लावत नसताना तळाचा मासा कसा लागतो? आणि शिंगटीला एवढं कमी का लेखतात?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : तुमचे मामा नदी ओळखून आहेत. मरळ आणि वरच्या पाण्यातले बरेच मासे मुख्यतः नजरेवर जगतात. शिंगटी वासावर, चवीवर आणि स्पर्शावर जगते. पाणी गढूळ झालं, उजेड गेला किंवा दोरा दिसू लागला की नजरेवर जगणाऱ्या माशाचं खाणं बिघडतं. शिंगटीचं त्यामुळे फारसं अडत नाही. ‘आज नदीत मासाच नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर आपण फक्त वरच्या पाण्याबद्दल बोलत असतो. तळाला बहुतेक वेळा खाणंपिणं चालू असतं.

हे कळायला शिंगटी एकदा नीट पाहायला हवी. अंगावर एकही खवला नाही, कातडी गुळगुळीत आणि बुळबुळीत. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, म्हणजे आठ मिशा. वरच्या जबड्याची जोडी सर्वांत लांब. काही जातींत ती पार शेपटीकडे पोचते. पाठीवर एक काटा आणि दोन्ही कल्ल्यांमागच्या परांत एकेक काटा. पाठीवर मागच्या बाजूला मऊ, मांसल असा आणखी एक पर. मिस्टस या प्रजातीतल्या माशांची ही ठेवण आहे. आपल्याकडच्या बहुतेक शिंगट्या हात-दीड हात कधीच होत नाहीत, साधारण वीतभर असतात.

त्या मिशा शोभेच्या नाहीत. त्यांच्यावर चव ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. या गटातल्या माशांत ते तोंडात, मिशांवर आणि अंगाच्या कातडीवरही पसरलेले असतात. अमेरिकेतल्या चॅनल कॅटफिश या भावबंदावर याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. माणसाच्या तोंडात असे पुंजके काही हजार असतात, तर त्या माशाच्या अंगावर लाखाहून जास्त. म्हणजे अंगभर जीभ पांघरलेला मासा. गांडुळाचा रस पाण्यात उतरला की प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या शिंगटीला तो लागतो आणि ती मिशा तळाला टेकवत त्या मागावर येते. तिला आमिष दिसण्याची गरजच नसते.

आता ‘मासा लागत नाही’ असे दिवस कोणते ते पाहू. शहापूर-मुरबाडच्या नद्यांवर ते तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

पहिला, उन्हाळ्यातला. चैत्र-वैशाखात काळू आणि शाई या नद्यांची धार बारीक होते आणि पाणी डोहांत उरतं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी राहतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यातून पाणी नितळ आणि वर रखरखीत ऊन. दोरा दिसतो, काठावरची सावली दिसते. खवल्याचे मासे बुजून सावलीला किंवा खोल पाण्याला जातात आणि दिवसा खाणं टाळतात. शिंगटीही भर दुपारी कपारीतच असते, पण तिचा दिवस उजेड उतरल्यावर सुरू होतो. म्हणूनच दुपारभर काडी ढिम्म राहते आणि सूर्य डोंगराला टेकला की तळाचा दोरा चालू लागतो. तुमचे मामा दुपारी गळ बदलतात की संध्याकाळी, ते एकदा बघा. बहुधा संध्याकाळीच.

भातसा नदीचं गणित जरा निराळं आहे. भातसा धरणाचं पाणी नदीच्या पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून मुंबईसाठी उचललं जातं. त्यामुळे धरणाखालची भातसा भर उन्हाळ्यातही वाहती राहते. काळूवर मासा डोहात शोधायचा, तर भातसावर वाहत्या पाण्याच्या आडोशाला.

दुसरा, पावसाळ्यातला. मोठी सर येऊन गेली की पाणी लाल होतं आणि वीतभर खालचंही दिसत नाही. नजरेवर शिकार करणारा मासा अशा पाण्यात आंधळा होतो. शिवाय ओढ वाढते. पण तळाच्या दगडगोट्यांशी पाणी घासत जातं, म्हणून तिथला वेग वरच्यापेक्षा कमी असतो आणि मोठ्या दगडाच्या मागे तर जवळजवळ स्थिर पाणी मिळतं. शिंगट्या तिथे बसतात. काठची माती ढासळून गांडुळं आणि किडे नदीत पडत असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी हा सुकाळच असतो.

तिसरा, थंडीतला. मासा थंड रक्ताचा. पौष महिन्यात पहाटे पाणी गार पडतं, त्याची भूक मंदावते आणि हालचालही कमी होते. तो आमिषाचा पाठलाग करत नाही. हे शिंगटीलाही लागू आहे. पण तळाला पडून राहिलेलं, वास सोडणारं आमिष तिच्या वाटेतच असेल तर ते तोंडात घ्यायला तिला फारसे कष्ट पडत नाहीत. अशा दिवशी पहाटेची हौस सोडावी आणि पाण्याला ऊन लागल्यावर गळ टाकावा.

तळाला गळ सोडायचा म्हणजे सर्वांत खोल जागी टाकायचा, असं मात्र नाही. उन्हाळ्यात मोठ्या साठ्याचं पाणी थरांत विभागतं. वरचं गरम पाणी खालच्या गार पाण्यात मिसळत नाही आणि कुजणारा पालापाचोळा खालचा प्राणवायू संपवतो. धरणाच्या अगदी खोलात म्हणूनच मासा कमी असू शकतो. काठापासून उतार जिथे खाली वळतो ती जागा धरावी. नदीवर, धार डोहात जिथे शिरते ते तोंड, करंज-उंबराची मुळं जिथे पाण्यात लोंबतात तो काठ, आणि दगडांच्या कपारींसमोरची वाळू. नदीकाठच्या कातकरी आणि ठाकर मंडळींना या जागा पाठ असतात. कोणत्या कपारीत कोणता मासा, हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकत नाही. काठावर कोणी भेटलं तर आदराने विचारा आणि ते सांगतील तिथे बसा.

मांडणी सोपी आहे. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बारीक घ्यावा. शिशाची गोळी भोकाची असावी आणि दोऱ्यावर मोकळी सरकावी. खाली एक गाठ मारून तिला अडवावं आणि गाठीपासून वीतभर अंतरावर छोटा गळ बांधावा. शिसं सरकतं ठेवायचं कारण असं की शिंगटीने आमिष ओढलं तर तिला वजन जाणवू नये. वजन जाणवलं की ती सोडून देते. गांडूळ गळावर दोनदा ओवून शेपूट मोकळं सोडावं. गांडूळ नसेल तर झिंगा किंवा कोंबडीच्या आतड्याचा तुकडा चालतो. पिठाची गोळी या कामाची नाही. ती तलावातल्या मृगळासाठी राखावी.

मृगळाचं नाव आलं म्हणून सांगतो. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाला. मत्स्यशेतीत हे तिन्ही मासे एकत्र सोडतात ते याच हिशेबाने, म्हणजे कोणत्याच थरातलं अन्न वाया जात नाही. तलावावर रोहू रुसला असेल तर कोंड्याची गोळी तळाला सोडून पाहावी. मृगळही असाच मागे पडलेला मासा आहे.

शिंगटीचं खाणं डोळ्याला नव्हे, बोटाला कळतं. दोरा तर्जनीवर हलका धरून ठेवा. आधी दोन-तीन बारीक ठोके येतात. तेव्हा झटका देऊ नका. ती मिशांनी आणि ओठांनी आमिष चाचपत असते. मग क्षणभर काहीच होत नाही आणि त्यानंतर दोरा ताणून एका बाजूला सरकू लागतो. आता मनगटाने हलकासा हिसका पुरे. उशीर केला तर ती गळ पार घशात गिळते आणि लहान मासा सोडून द्यायचा असला तरी तो जगत नाही. काठावर धपधप चालू नका. शिंगटी आणि रोहू या दोघांच्या गटांत हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते आणि त्यामुळे पाण्यातला आवाज त्यांना फार चांगला ऐकू येतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. शिंगटीला कमी लेखण्याची कारणं खरी आहेत, पण त्यांतलं एकही तिच्या चवीचं नाही. ती लहान असते. तिचा काटा लागतो. अंग बुळबुळीत असल्याने साफ करायला कंटाळा येतो. आणि बाजारात खवल्याच्या मोठ्या माशाला जो मान आहे तो तिला नाही. साफ करण्याचं म्हणाल तर चुलीची राख किंवा जाडं मीठ चोळून दगडावर घासली की बुळबुळ निघून जाते. खवले काढण्याचा प्रश्नच नाही. आधी तिन्ही काटे मुळाशी छाटावेत, मग पोट साफ करावं. मांस मऊ आणि गोडसर असतं आणि मधला कणा सोडला तर बारीक काटे फारसे त्रास देत नाहीत. रोहूच्या काट्यांतून लहान मुलाला घास काढून देणाऱ्या आईला याचं मोल वेगळं सांगायला नको. लसूण, लाल मिरची, हळद आणि कैरी किंवा चिंच घालून केलेला पातळ रस्सा आणि तांदळाची भाकरी, एवढं तिला पुरतं. रस्सा फार ढवळू नका, मासा मोडतो.

हीच मिस्टस प्रजाती बंगालमध्ये ‘टेंगरा’ म्हणून डोक्यावर घेतली जाते आणि कोलकात्याच्या बाजारात लोक ती मागून घेतात. फार लांब जायला नको. उरण-पनवेलच्या खाडीपट्ट्यात पावसाळ्यातली चिवणी केवढ्या आवडीने खातात! तीही मिशांचीच, याच भावकीतली. खाडीकाठी जिला मान, तिच्या नदीतल्या बहिणीला आपण नाक मुरडतो. तिकडे अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत कॅटफिश हे बराच काळ गरिबाचं अन्न मानलं जाई. पुढे मिसिसिपीत त्याचीच मोठी मत्स्यशेती उभी राहिली. मासा तोच होता. बदलली ती त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी.

अभ्यासकांनी मात्र शिंगटीची दखल फार पूर्वी घेतली आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णनं लिहिली. १८३९ साली शास्त्रात नोंदवलेल्या त्या माशांत ‘सींगटी’ हेच नाव दिलेला मासा आहे. आज तो मिस्टस सींगटी म्हणून ओळखला जातो. इथल्या नदीकाठच्या माणसांनी सांगितलेलं नाव जगभरच्या ग्रंथांत गेलं आणि आपल्या ताटात मात्र तिची किंमत वाढली नाही, याची खंत वाटते.

एक विनंती. तळाचा मासा हमखास लागतो म्हणून तो ओरबाडू नये. उन्हाळ्यात डोहात उरलेले मासे हेच पुढच्या पावसाचं बियाणं असतं. डोह उपसून किंवा विष टाकून तो रिकामा केला की पावसाळ्यात ओहोळांना चढायला मासाच उरत नाही. पाण्यात विष घालणं किंवा सुरुंग उडवणं हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. वलगणीच्या दिवसांत, पहिल्या पावसात मासे चढतात तेव्हा, पोटात गाभोळी असलेली शिंगटी हाती लागली तर सोडून द्यावी. ती एक मादी हजारो अंडी घालणार असते. एका कालवणापुरते मासे झाले की गळ गुंडाळावा.

जागेचंही भान ठेवा. मोठ्या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतात. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. तानसा अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुळीच नाही. पावसाळ्यात भातसा धरणाचे दरवाजे उघडण्याआधी सापगावसारख्या नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. तो ऐकला की त्या दिवशी नदीकडे फिरकू नये. पाणी किती झपाट्याने चढतं याचा काठावर बसलेल्याला अंदाज येत नाही.

प्रश्न : शिंगटीचा काटा लागला की हात ठणकतो. त्यात विष असतं का? काय करावं?
— एक वाचक, किन्हवली, ता. शहापूर

उत्तर : असतं, सौम्य असतं. काट्यावरच्या कातडीत विषाच्या ग्रंथी असतात. काटा घुसला की ती कातडी फाटते आणि विष जखमेत उतरतं. काटा दातेरी असल्याने जखम खरबरीत होते आणि ठणका तासन् तास टिकू शकतो. हे विष प्रथिनांचं असल्याने उष्णतेने निकामी होतं. म्हणून जखम स्वच्छ धुऊन, आत काट्याचा तुकडा नाही ना ते पाहून, हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाणी आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासा. ठणक्यात चटका कळत नाही आणि भाजून निघतं. त्यानंतर दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. सूज चढत गेली, ताप आला किंवा तुकडा आत राहिला असं वाटलं तर घरी थांबू नये.

काटा लागूच नये यासाठी मासा पकडण्याची रीत शिकून घ्या. ओढून काढल्यावर शिंगटी तिन्ही काटे ताठ करते आणि ते खुट्टीसारखे अडकून राहतात, दाबले तरी मिटत नाहीत. याच वेळी ती ‘कुरकुर’ असा आवाजही करते. तो तोंडातून येत नाही. बाजूच्या काट्याचं मूळ खोबणीत घासून तो निघतो. आवाज आला म्हणजे काटे उघडे आहेत असं समजा. ओला फडका घेऊन मागच्या बाजूने धरा. तर्जनी आणि मधलं बोट बाजूच्या काट्यांच्या मागे टेकवा आणि तळवा पाठीच्या काट्याच्या मागे ठेवा. मग गळ सोडवा. मेलेल्या माशाचे काटेही तितकेच टोचतात, तेव्हा साफ करणाऱ्यालाही हे सांगून ठेवा.

प्रश्न : तळाला गळ टाकला की कधीकधी काळा, मिशांचा मोठा मासा लागतो. तो शिंगटी की मांगूर? खावा की सोडावा?
— एक वाचक, मुरबाड

उत्तर : पाठ पाहा. शिंगटीच्या पाठीवर पुढे काट्याचा आखूड पर असतो आणि मागे मऊ, मांसल पर. मांगुराच्या पाठीवर डोक्यामागून शेपटीपर्यंत एकच लांब पर असतो, त्यात काटा नसतो आणि मांसल परही नसतो. डोकं रुंद आणि चपटं. मांगूर हवेतूनही श्वास घेतो, म्हणून पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतो.

मांगुरातही दोन आहेत. देशी मांगूर आपला, आणि आता तो कमी झालेला आहे. दुसरा, थाई मांगूर या नावाने विकला जाणारा मूळचा आफ्रिकेतला मासा. तो झपाट्याने वाढतो, मिळेल ते खातो, आणि तळ्यातून निसटून नदीत आला की शिंगटी, मुऱ्या, झिंगे, कोणालाच सोडत नाही. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, तरी ठाणे जिल्ह्यासह अनेक ठिकाणी तो चोरून पाळला गेला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला अशी तळी नष्ट करावी लागली. देशी मांगूर क्वचितच फूटभराच्या पुढे जातो. हाताएवढा, डागाळलेला, जाडजूड मांगूर नदीत सापडला तर तो बहुधा थाईच. असा मासा पाण्यात परत सोडू नका, जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा आणि जिवंत मासा दुसऱ्या तळ्यात नेऊ नका.

देशी मांगूर ओळखता आला तर मात्र सोडून द्या. शिंगटी, वाम, मुऱ्या आणि देशी मांगूर हे आपल्या नद्यांचे मूळचे रहिवासी आहेत. त्यांना नावाने ओळखणारी आणि आवडीने खाणारी माणसं असतील, तर डोहात विष पडल्यावर किंवा परका मासा शिरल्यावर आवाज उठवणारीही असतील. म्हणून पुढच्या सुट्टीत शिंगट्या घेऊन घरी गेलात, की तो रस्सा सगळ्यांना आधी चाखायला घाला आणि मग कोणता मासा आहे ते सांगा.